शुद्ध मिल्क स्नेक कसा ओळखावा (खरं तर कोणाला विचारावा)

मिल्क स्नेक दूध पीत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नागपंचमीचे प्रश्न येणार नाहीत. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना हा साप गोठ्यात दिसायचा आणि गाय कमी दूध द्यायला लागली की आळ याच्यावर. बिचारा येत होता उंदरांसाठी. आपल्याकडे धामणीबद्दल अगदी हीच गोष्ट सांगतात, ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणे. धामणही गोठ्यात येते ती उंदरांसाठीच. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या दोन खंडांतल्या शेतकऱ्यांनी दोन वेगळ्या सापांवर एकच खोटा आरोप ठेवला, आणि इथे तर तो आरोप सापाचं अधिकृत नाव होऊन बसला.

असो. आजचा विषय सापाच्या नावाचा नाही, रंगाचा आहे. आणि रंगाहून जास्त, सापाबरोबर मिळणाऱ्या शब्दाचा.

आमच्या प्रोजेक्टचा डीबीए गेली वीसेक वर्षं मिल्क स्नेकची पैदास करतो. पेन्सिल्व्हेनियात घराच्या बेसमेंटमध्ये शेल्फवर ओळीने डबे, प्रत्येक डब्यात एक साप, प्रत्येक डब्यावर नंबर. (सर्व्हर रूमच म्हणा ना. तापमानसुद्धा तसंच सांभाळतो.) मी त्याच्याकडे जाऊन जाऊन या नादाला लागलो आणि 2023 च्या शरद ऋतूत त्याच्याबरोबर पहिल्यांदा एका रेप्टाइल शोला गेलो. हे शो म्हणजे आपल्याकडच्या ग्राहकपेठेसारखे. मोठा हॉल, टेबलांच्या रांगा, प्रवेश फी, आणि हॉटेलातून डाळ पार्सल येते तसल्या पारदर्शक डब्यांमध्ये सापांची पिल्लं. अंडी उन्हाळ्यात फुटतात, त्यामुळे शरदात पिल्लांचा सुकाळ असतो.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला शिकणं हा पहिला धडा. "1.2" लिहिलं असेल तर ते सॉफ्टवेअरचं व्हर्जन नव्हे. टिंबाच्या आधी नर, नंतर माद्या. एक नर, दोन माद्या. "0.0.3" म्हणजे तीन पिल्लं, लिंग तपासलेलं नाही. "सीबी 23" म्हणजे 2023 साली बंदिवासात जन्मलेलं. आणि मग येतं रंगाचं नाव. हीच ती जागा, जिथे पाकीट बाहेर येतं.

आधी साधा साप कसा असतो ते बघू. मिल्क स्नेक बिनविषारी. यातले बरेच अंगभर लाल, काळ्या आणि पांढऱ्या किंवा पिवळ्या पट्ट्यांचे असतात. हा वेश विषारी पोवळ्या सापाशी मिळताजुळता असल्यामुळे खाणारे प्राणी दोनदा विचार करतात. (आमच्या पेन्सिल्व्हेनियातला जंगली मिल्क स्नेक मात्र करड्या अंगावर तांबूस ठिपक्यांचा. तो कॉपरहेड समजून मारला जातो, तिथे वेश उलटा अंगाशी येतो.) कॅनडापासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत यांचा पसारा. जुन्या पुस्तकांत ही सगळी एकच प्रजाती, तिच्या 25 च्या आसपास उपप्रजाती. शोमध्ये अजूनही तीच नावं चालतात: होंडुरन, सिनालोअन, नेल्सन, प्वेब्लन. होंडुरन मोठा, चार-पाच फुटांचा. सिनालोअनचे लाल पट्टे फार रुंद. प्वेब्लनचे पांढरे पट्टे एवढे रुंद की तिन्ही रंगांना जवळपास सारखी जागा मिळते.

आता मॉर्फ. मॉर्फ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा वेगळा रंग किंवा नक्षी. होंडुरनचा टँजरीन, ज्यात पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या जागी नारिंगी. हा निसर्गातही सापडतो. प्वेब्लनमध्ये अ‍ॅप्रिकॉट, तिथेही पांढऱ्याच्या जागी जर्दाळूचा रंग. मग रंगद्रव्यच गायब करणारे जीन्स: काळा रंग बनत नाही तो अल्बिनो, लाल बनत नाही तो अनेरी, काळा कमी बनतो तो हायपो. दोन जीन्स एकत्र आले की नवीन नाव. अल्बिनो आणि अनेरी मिळून स्नो, हायपो आणि अनेरी मिळून घोस्ट.

यातले अल्बिनो, अनेरी, हायपो हे अप्रभावी जीन्स. बारावीच्या बायोलॉजीतला मेंडेल आठवा (इंजिनिअरिंगला जायचं म्हणून ऑप्शनला टाकला असेल तरी). आईकडून एक, बापाकडून एक अशा दोन्ही प्रती अल्बिनो असतील तरच साप अल्बिनो दिसतो. एकच असेल तर साप दिसायला नॉर्मल, पण पोटात गुपित. त्याला म्हणतात "हेट". दोन हेट एकत्र आणले तर दर अंड्यामागे पाव शक्यता अल्बिनोची, अर्धी हेटची, पाव पूर्ण नॉर्मलची. म्हणजे नॉर्मल दिसणाऱ्या दर तीन पिल्लांमागे सरासरी दोन हेट. कुठली दोन, ते दिसत नाही. म्हणून त्या तिघांवरही चिठ्ठी लागते, "66 टक्के पॉसिबल हेट". आणि पाव शक्यता म्हणजे चारातलं एक नक्की असं मात्र समजू नका. आठ अंड्यांमध्ये एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता 0.75 चा आठवा घात, म्हणजे साधारण 10 टक्के. स्नो हवा असेल आणि दोन्ही पालक दोन्ही जीन्सचे हेट असतील तर दर अंड्यामागे सोळात एक. डीबीए याला "लांब चालणारी क्वेरी" म्हणतो.

"100 टक्के हेट" ही चिठ्ठी तेव्हा लागते, जेव्हा पालकांपैकी एक स्वतः अल्बिनो असतो. त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नाहीच, त्यामुळे प्रत्येक पिल्लाला ती प्रत मिळणारच. गणित शंभर टक्के पक्कं. फक्त पालक खरंच अल्बिनो होता का, हे तुम्ही बघितलेलं नसतं. ते विकणारा सांगतो.

तर शोमध्ये एका टेबलावर मला "प्युअर अल्बिनो सिनालोअन" दिसला. लाल आणि शुभ्र, पेढ्याच्या बॉक्सला बांधायच्या रिबिनीसारखा. किंमतही शेजारच्या टेबलांपेक्षा कमी. माझा हात खिशाकडे गेलेला बघून डीबीए म्हणाला, "थांब, आधी बघू."

त्याने बघितलं ते असं. पिल्लू हातात घेऊन उलटं केलं आणि शेपटीच्या सुरुवातीला, गुदद्वारावरचा खवला पाहिला. मिल्क स्नेक आणि त्याच्या किंग स्नेक भाऊबंदांमध्ये हा खवला अखंड असतो. कॉर्न स्नेकमध्ये तो दुभंगलेला. कॉर्न स्नेक इथे कशाला आला? कारण बंदिवासात या दोघांचा संकर होतो आणि पिल्लं बऱ्याचदा पुढे प्रजननक्षमही असतात. सिनालोअन आणि कॉर्नच्या संकराला शोमध्ये चक्क "सिनाकॉर्न" असं नावही आहे. मग त्याने पाठीवरून बोट फिरवलं. मिल्क स्नेकचे खवले गुळगुळीत, कॉर्नच्या पाठीवरच्या खवल्यांना मधोमध बारीकशी धार असते. मग पोट. कॉर्नच्या पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, मिल्क स्नेकच्या पट्ट्यांची गोष्ट वेगळी. मग डोक्याचा आकार. शेवटी त्याने लाल पट्टे मोजले.

कॉर्नचं काही दिसलं नाही. पण पट्ट्यांचा काही निकाल लागेना. पुस्तकांप्रमाणे सिनालोअनचे अंगावरचे लाल पट्टे 10 ते 16, नेल्सनचे 13 ते 18. या पिल्लाचे 14. म्हणजे दोन्हीकडे बसतं. साध्या रंगाच्या सापात काळ्या पट्ट्यांची रुंदी, पांढऱ्यावर काळ्याचे शिंतोडे आहेत का, अशा आणखी खुणा बघता येतात. पण अल्बिनोत काळा रंगच नाही. काळा आणि पांढरा एकमेकांत मिसळून गेलेले. ज्या जीनमुळे सापाची किंमत वाढते, तोच जीन त्याची ओळख पुसून टाकतो! अल्बिनो नेल्सन बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे अल्बिनो सिनालोअन म्हटला की जाणकारांचा पहिला प्रश्न असतो, मधे कुठे नेल्सन आला का?

डीबीएने तोच प्रश्न विचारला. "याच्यातला अल्बिनो जीन कुठून आला?"

विक्रेता म्हणाला, "मी जोडी विकत घेतली तेव्हा प्युअर म्हणूनच घेतली होती."

"कोणाकडून?"

"असाच एक शो होता."

तो माणूस खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. त्याला जे सांगितलं गेलं तेच तो पुढे सांगत होता, आणि तीच खरी अडचण आहे. संकराचं गणित बघा. पहिल्या पिढीत दुसऱ्याचं रक्त 50 टक्के, तेव्हा पिल्लू विचित्र दिसतं, कोणीही ओळखेल. ते परत सिनालोअनशी जोडलं की सरासरी 25. मग 12.5, मग 6.25, मग 3 च्या आसपास. तिसऱ्या-चौथ्या पिढीपासून डोळ्यांना काही दिसत नाही. एका पिढीला अडीच-तीन वर्षं धरली तर दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी सोयीसाठी केलेला संकर आज "प्युअर" अशी चिठ्ठी लावून टेबलावर बसलेला असतो, आणि मधल्या सगळ्यांनी प्रामाणिकपणे व्यवहार केलेला असतो. आमच्या धंद्यात डेटा एकदा चुकीच्या टेबलात मर्ज झाला तर निदान बॅकअप तरी असतो. इथे रोलबॅक नाही.

परत येताना गाडीत डीबीएने जे सांगितलं ते मला फार आवडलं. तो म्हणाला, विकणारा दोन दावे करतो. एक, हा हेट आहे. दोन, हा शुद्ध आहे. पहिला दावा तपासता येतो. तीन वर्षं थांब, साप वाढव, अल्बिनो मादीशी जोड. खरा हेट असेल तर प्रत्येक पिल्लू अल्बिनो असण्याची शक्यता अर्धी. आठही पिल्लं नॉर्मल निघाली तर? खऱ्या हेटच्या बाबतीत असं व्हायची शक्यता 256 मध्ये एक. म्हणजे खोटं पकडलं गेलं. दुसरा दावा मात्र तू आयुष्यभर सांभाळलास तरी तुझ्या बेसमेंटमध्ये तपासता येत नाही.

मग करायचं काय? त्याचं उत्तर: जो दावा तपासता येत नाही त्यासाठी त्याच माणसाचे तपासता येणारे दावे बघायचे. गेल्या दहा वर्षांत त्याने "हेट" म्हणून विकलेले साप पुढे हेटच निघाले का? त्याने सांगितलेलं जन्मसाल, लिंग बरोबर निघालं का? पिल्लू उंदीर खातं म्हणून दिलं आणि ते खरंच खायला लागलं का? (मिल्क स्नेकची काही पिल्लं सुरुवातीला सरडे-पालींवर अडून बसतात, त्यामुळे "फ्रोजन उंदराचं पिल्लू खातं" हे वाक्य महत्त्वाचं आहे. जमलं तर समोर खायला घालून दाखवा म्हणावं.) हे सगळं जुळत असेल तर शुद्धतेच्या बाबतीतही त्याचा शब्द धरायचा. क्रेडिट हिस्टरीसारखं.

डीएनए चाचणी नाही का? हा प्रश्न मलाही पडला होता. 2015 मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी कॉर्न स्नेकच्या अल्बिनो रंगामागचा बदल ओसीए-टू नावाच्या जीनमध्ये सापडल्याचं प्रसिद्ध केलं. आता काही पाळीव सापांच्या रंगाच्या जीन्सची तपासणी नुसत्या कातेवरून होते. पण रंगाचा एक जीन तपासणं वेगळं आणि सबंध वंशावळ तपासणं वेगळं. अमुक जीन आहे की नाही ते कळेल, पणजी कोण होती ते नाही.

तेव्हा शेवटी उरते वही. डीबीएच्या वहीत प्रत्येक सापाचा नंबर, आई-बापाचे नंबर, कोणाकडून घेतला, कुठल्या साली, पालकांचे फोटो, अंडी कधी घातली, किती फुटली. प्रायमरी की, फॉरेन की, सगळं. जिथे माहिती नाही तिथे तो जागा रिकामी सोडतो, अंदाजाने भरत नाही. नल म्हणजे नल. आणि असे नलवाले साप तो "पालक अज्ञात, पैदाशीसाठी नाही" अशी चिठ्ठी लावून स्वस्तात विकतो. मला वाटतं की त्याच्या बाकीच्या चिठ्ठ्यांवर लोकांचा विश्वास बसतो, तो या चिठ्ठीमुळेच.

आता जरा अवघड भाग. "शुद्ध" हा शब्द मला फारसा झेपत नाही. शुद्ध रक्त, शुद्ध बीज, हे शब्द माणसांच्या बाबतीत कुठे आणि कसे वापरले जातात ते आपल्याला चांगलं माहीत आहे. माझ्या वयामुळे सध्या आई दर रविवारी बायोडेटा पाठवते, त्यात उंचीच्या आधी गोत्र असतं, आणि मी दर रविवारी त्यावर वाद घालतो. शोची हकीकत फोनवर सांगितली तर म्हणाली, "अरे, सापांची सात पिढ्यांची पत्रिका बघतोस आणि स्वतःची म्हटली की नाक मुरडतोस!"

उत्तर द्यायला मला आठवडा लागला. (गंमत म्हणजे सापांत सगोत्राचं वावडं नाही. उलट अप्रभावी रंग बाहेर काढायला बापाशी मुलगी जोडतात, आणि ते फार पिढ्या चाललं की पिल्लं कमकुवत निघतात. तेव्हा शुद्धतेच्या नादाची किंमत तिथेही मोजावी लागते.) शिवाय शुद्ध म्हणजे काय, हेच शास्त्रज्ञांनी मधे बदललं. 2014 मध्ये सारा रुएन आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे मिल्क स्नेकच्या सात वेगळ्या प्रजाती मांडल्या. त्या मांडणीत सिनालोअन, नेल्सन आणि प्वेब्लन तिघंही एकाच प्रजातीत जातात, होंडुरन वेगळीकडे. म्हणजे ज्या मिश्रणावरून शोमध्ये भांडणं होतात, ते या नव्या हिशेबाने एकाच घरातलं लग्न!

मग भांडण फुकटचं आहे का? मला तसं वाटत नाही. सिनालोअन नेल्सनपेक्षा श्रेष्ठ नाही. सिनाकॉर्नही वाईट नाही, दिसतो सुरेख, जगतो मजेत. प्रश्न आहे चिठ्ठीवर लिहिलेलं आणि डब्यात असलेलं एकच आहे का. सिनाकॉर्न "सिनाकॉर्न" म्हणून विकला तर कोणाची फसवणूक होत नाही. तोच "प्युअर" म्हणून गेला तर पुढच्या दहा माणसांच्या वह्या त्यांच्या नकळत खोट्या होतात. म्हणून मी मनातल्या मनात "शुद्ध" खोडून "माहीत असलेला" लिहितो. पट्टे मोजायचे ते सापाची जात ठरवायला नाही, चिठ्ठी खरी आहे का ते बघायला. आणि माणसांच्या बाबतीत चिठ्ठीच नको, हे मी आईला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. पुढच्या रविवारी बायोडेटा आलाच.

मी घेतला का साप? घेतला, पण सिनालोअन नाही. डीबीएच्या ओळखीच्या एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांच्या टेबलावरून होंडुरनचा एक नर, टँजरीन, 100 टक्के हेट अल्बिनो, 140 डॉलर. त्यांनी न विचारता फोल्डर उघडून आई-बापाचे फोटो दाखवले आणि मग मलाच उलटतपासणीला उभं केलं. कुठे राहतोस, कशाशी जोडणार, पिल्लं कोणाला देणार? मी व्हिसावर आहे कळल्यावर म्हणाले, "हा 15-20 वर्षं जगेल. तू इथे तेवढा असशील?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, एचआरकडेही नसतं. भारतात न्यायचा विचारही करू नका. तिथे आपले देशी साप पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि परदेशी प्राणी आणायला रीतसर आयात परवाना लागतो. (पुण्या-मुंबईत कोणी "मॉर्फ" देतो म्हणाला तर आधी कागद मागा, मग रंग बघा.) शेवटी या छंदात "ब्रीडिंग लोन" म्हणतात तसा करार केला. साप माझा, राहतो डीबीएच्या बेसमेंटमध्ये, त्याच्या अल्बिनो मादीसाठी. पिल्लं निम्मी-निम्मी. मी परत गेलो तर साप त्याचा, वहीसकट.

त्या वहीत माझ्या सापाचा नंबर 118. "कोणाकडून" या रकान्यात दाढीवाल्या काकांचं नाव, "मालक" या रकान्यात माझं. अमेरिकेत माझं नाव पूर्ण स्पेलिंगसकट बरोबर लिहिलेली ही बहुधा पहिलीच नोंद. हिवाळ्याची झोप काढून तो 2026 च्या वसंतात पहिल्यांदा मादीला भेटायचा बेत आम्ही तेव्हाच त्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवला. अंडी फुटली की काका खरं बोलले की नाही ते कळतं. निकालाचा रकाना आत्ता रिकामा आहे.